दोन भिंतींमधील जागा

गेल्या वैशाखांत आम्हांस अमरावतीस एका जुन्या स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. या घराशीं आमचा संबंध दोन पिढ्यांचा. स्नेह्यांचे वडील शाळेंत शिक्षक होते. पगारांतून थोडथोडी शिल्लक टाकून त्यांनीं एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आउटमध्यें पन्नास फूट रुंद व ऐंशी फूट लांब असा प्लॉट घेतला आणि त्यावर बेताचें एकमजली घर बांधलें. दोहों बाजूंस मोकळी जागा, समोर अंगण, मागें सांदवाडी, तींत एक कडुनिंब आणि धुण्याचा दगड. त्या निंबाखालीं बाज टाकून घालविलेल्या दुपारी आमच्या अजून स्मरणांत आहेत.

यंदा फाटक उघडून आंत पाऊल टाकतों तों अंगणांत चुन्याची एक पांढरी रेघ आंखलेली दिसली. ती पायरीपाशीं थांबली होती व घराच्या मागल्या अंगास पुन्हा सुरू होऊन थेट निंबापर्यंत गेली होती. शेजारीं विटांचा ढीग होता. आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच थोरल्या बंधूंनीं, ज्यांस घरांत सर्वजण अण्णा म्हणतात, चहाचा पेला पुढें करीत सांगितलें, "वांटणी ठरली आहे. आईचें वर्षश्राद्ध झालें कीं जुनें घर पाडावयाचें आणि मधोमध भिंत घालून दोन बांधावयाचीं." धाकटे बापू त्या वेळीं ओसरीच्या दुसऱ्या टोकास वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. दोघांमध्यें भांडण झालेलें नव्हतें. नुसतें बोलणें बंद झालें होतें, आणि तें भांडणाहून अधिक कठीण असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

वांटणी व्हावी कीं न व्हावी, हा प्रश्न आम्हांस येथें काढावयाचा नाहीं. कुटुंबें वाढतात, मुलें परगांवीं जातात, स्वयंपाकघरें दोन होतात; त्यांत कोणाचाच अपराध नसतो. आमचें म्हणणें निराळें आहे. घराची वांटणी करतांना आपण खोल्या मोजतों, भांडीं मोजतों, सोनें तोलतों. परंतु भिंतीच्या बाहेर जी चार हात मोकळी जागा असते ती कोणी मोजीत नाहीं. ती कोणाचीच नाहीं असें आपण धरून चालतों, आणि नेमकी तीच आपला सारा हिशेब चुकविते.

नगररचनेच्या भाषेंत या जागेस सामासिक अंतर असें भारदस्त नांव आहे. बोलतांना लोक मार्जिन म्हणतात. हद्दीपासून बांधकाम किती आंत घ्यावयाचें हें समोरच्या रस्त्याची रुंदी, प्लॉटचें क्षेत्र आणि इमारतीची उंची यांवरून ठरतें. मुंबई वगैरे थोडीं क्षेत्रें वगळून सर्व महाराष्ट्रास लागू अशी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्यें अमलांत आली. अमरावती व अकोला या दोन्ही महानगरपालिका तिच्याच खालीं येतात. एवढें बहुतेकांस ऐकून ठाऊक असतें. दुसरी गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यांत 'विकास' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत जमिनीची उपविभागणीही घातलेली आहे. म्हणजे एकही वीट न रचतां एका प्लॉटचे नुसते दोन प्लॉट करणें हेंही परवानगीचें काम आहे. भावांनीं आपसांत वांटणीपत्र केलें, तें रीतसर नोंदविलें, किंवा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणला, तरी त्यानें मालकी कोणाची किती एवढेंच ठरतें. ज्यांवर स्वतंत्र घर बांधतां येईल असे दोन प्लॉट त्यामुळें निर्माण होत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं या दोघांची थोरली बहीण नाशिकाहून आली. ताई सार्वजनिक बांधकाम खात्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनीं रेघ पाहिली, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. जेवणें झाल्यावर त्यांनीं भाच्याच्या वहींतील एक पान मागून घेतलें, आणि दोघांही भावांस समोर बसविलें.

"अण्णा, ही रेघ कितीवर आहे?"

"बरोबर मध्यावर. पंचवीस आणि पंचवीस."

"बरें. नियमाचा आंकडा आपण मागाहून पाहूं. हिशेबापुरतें असें धर, कीं प्रत्येक बाजूस पांच फूट सोडावयाचे. आज पन्नासांतून दहा गेले. चाळीस फूट रुंद घर बांधतां येतें. आतां रेघ ओढल्यावर पाहा. तुझ्या पंचविसांतून दहा गेले, उरले पंधरा. बापूचेही पंधराच. दोघांचे मिळून तीस. मग दहा फूट गेले कोठें?"

अण्णा कागदाकडे पाहत राहिले.

"भिंतीच्या अलीकडे पांच आणि पलीकडे पांच," ताई म्हणाल्या. "तुम्ही एकमेकांशीं बोलत नाहीं, त्याची ही किंमत. आणि मलाही धरलें तर पन्नासाचे तीन करा. सोळा फूट आठ इंच. त्यांतून दहा गेले कीं सहा फूट आठ इंच. त्यांत माझा पलंग राहील. मी कोठें राहूं?"

बापूंस हंसूं आलें, तें त्यांनीं पुन्हा वर्तमानपत्रांत लपविलें. परंतु हिशेब तिघांनाही पटला. प्लॉटचा तुकडा पाडला कीं जमीन वाढत नाहीं; हद्दी मात्र वाढतात, आणि प्रत्येक नवी हद्द आपल्या दोन्ही अंगांस मोकळी पट्टी मागते. आडव्या रेघेनें पुढचा व मागचा असे भाग केले तरी सुटका नाहीं. मागच्या भागास रस्त्यापर्यंत स्वतंत्र वाट द्यावी लागते आणि ती वाट पुढच्याच्या रुंदींतून निघते.

आतां कोणी विचारील, कीं ही मोकळी पट्टी सोडावयाची तरी कशासाठीं? आपली जमीन, आपला पैसा, मग भिंत हद्दीवर कां नको? या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षां जुन्या गांवांत अधिक चांगलें मिळतें. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या अमदानींत पेंढाऱ्यांच्या भयानें बांधला गेला. सुमारें सव्वादोन मैलांचा त्याचा घेर. आंत व्यापारी, सावकार व त्यांच्या आश्रयानें राहणारीं शेंकडों कुटुंबें. तटाच्या आंत जागा मोजकी आणि बाहेर जीव धोक्यांत, तेव्हां घरास घर लागून उभें राहिलें यांत नवल नाहीं. जवाहर दरवाजा किंवा अंबा दरवाजा यांच्या आंतल्या बोळांतून आजही फिरलें म्हणजे हें ध्यानांत येतें. तरीही त्या घरांत उजेड होता, कारण मोकळी जागा बाहेर नसली तरी पोटांत होती. मधला चौक हेंच त्या घराचें मार्जिन. पुढें वांटण्या झाल्या, चौकांत भिंती आल्या, त्यावर पत्रे पडले, आणि माजघरांत भर दुपारीं दिवा लागूं लागला. जुन्या वाड्यांची दैना पुष्कळ अंशीं पावसानें नव्हे, तर चौकाच्या वांटणीनें केली आहे.

मुंबईनें हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १८९६ सालीं तेथें प्लेग आला, आणि दाट चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांतून तो कसा पसरतो हें सर्वांनीं पाहिलें. १८९८ च्या कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहानें मांडला. त्याचा अर्थ सोपा आहे. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खिडकीच्या पायथ्याकडे येणारी रेषा याहून अधिक उभी असूं नये. म्हणजेच समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्यें असावी. तीस फूट उंच भिंत, तर पंधरा फूट अंतर. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेंतील हिंदु कॉलनींत ज्यांचे आप्त राहतात, त्यांनीं तेथील घरांमधील मोकळी जागा आणि झाडें पाहिलींच असतील. इमारत उंच झाली कीं मार्जिन वाढतें, या आजच्या नियमाच्या मुळाशीं हाच विचार आहे.

आणि हा विचार विलायतेहून प्रथमच आला असें समजण्याचेंही कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील वास्तुविषयक प्रकरण वाचावें. दोन घरांमध्यें कांहीं पावलांचें अंतर ठेवावें, आपल्या मोरीचें पाणी शेजाऱ्याच्या भिंतीस लागूं देऊं नये, आणि हें न पाळणाऱ्यास दंड करावा, असें तेथें सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं वास्तूविषयींचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवरून तोडावेत असा त्या ग्रंथाचा दंडक आहे. घर हें केवळ मालकाचें खाजगी प्रकरण नव्हे, शेजाऱ्याचाही त्यांत संबंध असतो, ही जाण त्यामागें आहे.

आमच्या वऱ्हाडांत तर त्या पट्टीचा उपयोग समजावून देण्यास ग्रंथ नको, एक उन्हाळा पुरे. अकोल्यास पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो. घरोघरीं खिडकीबाहेर कूलर बसतात. दोन घरांमध्यें अंतर हातभरच असेल, तर कूलरला कोरडी हवा मिळत नाहीं. याच्या कूलरची दमट हवा त्याच्या खिडकींत आणि त्याची याच्या. मोर्णेच्या कांठच्या जुन्या शहरांत काय, किंवा अलीकडे दाटीनें उठलेल्या वस्त्यांत काय, ज्यांनीं हें भोगलें आहे त्यांस निराळें सांगणें नको. शिवाय आग लागली, घरांतील म्हाताऱ्या माणसास रात्रीं अपरात्रीं बाजेवर घालून बाहेर न्यावें लागलें, किंवा नुसतें गटार तुंबलें, म्हणजे ती चार हात जागा काय मोलाची आहे तें कळतें.

अमेरिकेंतील बऱ्याच शहरांत प्लॅनिंग कमिशन नांवाचें नागरिकांचें मंडळ असतें. एखाद्यास प्लॉटचे भाग करावयाचे असले किंवा अंतरांत सवलत हवी असली, तर पुष्कळदां तें प्रकरण उघड बैठकीपुढें येतें व शेजाऱ्यांस आपलें म्हणणें मांडतां येतें. आपल्याकडे अशी सुनावणी साऱ्या शहराच्या विकास आराखड्यापुरती आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला कीं हरकती व सूचना मागवितात आणि त्या ऐकण्यास एक नियोजन समिती बसते; तींत महानगरपालिकेच्या स्थायी समितीचे तीन सभासद आणि या विषयाचे जास्तींत जास्त चार जाणकार असतात. परंतु आपल्या खिडकीसमोर उद्यां किती अंतरावर भिंत येणार, या प्रश्नावर शेजाऱ्यास कोणी बोलावीत नाहीं. तें काम अर्जदार, त्याचा वास्तुविशारद आणि नगररचना विभाग यांच्यांत होतें. म्हणूनच आपल्याकडे नियम पाळण्याची नैतिक जबाबदारी मालकावर अधिक पडते. समितीपुढें शेजारी उभा राहूं शकत नाहीं, तेव्हां त्याची बाजू आपणच आपल्या मनांत उभी केली पाहिजे. आणि तो शेजारी सख्खा भाऊ असेल तर?

नियम चुकवून मागाहून दंड भरावा, असा एक सल्ला हल्लीं सर्रास दिला जातो. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानें तुकडे पाडून वसलेल्या वस्त्यांसाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा झाला. तो त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वींच्या तुकड्यांपुरता होता. २०२१ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें आली. ज्या गरिबांनीं पदरचे पैसे घालून अशी जागा घेतली त्यांस दिलासा मिळाला, हें योग्यच झालें. परंतु सरकार कागद नियमित करूं शकतें. जी जागा सोडलीच नाहीं ती मागाहून उत्पन्न करूं शकत नाहीं. दंडाच्या पावतीनें खिडकींत उजेड येत नाहीं. वऱ्हाडांत आणखी एक गुंता आहे तो नझूलचा. येथील शहरांतून पुष्कळ घरें सरकारी मालकीच्या, पट्ट्यानें दिलेल्या जमिनीवर उभीं आहेत. अशा जागेचे भाग करण्यापूर्वीं पट्ट्याच्या अटी आणि आखीव पत्रिका काढून वाचाव्या. कित्येकदां आजोबांच्या ट्रंकेंतला तो कागद कोणीं उघडूनही पाहिलेला नसतो.

ताईंच्या वांट्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण अशा प्रसंगीं बहिणीनें हंसत हंसत सोडपत्रावर सही करावी अशी आपली अपेक्षा असते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीचा बरोबरीचा वांटा १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. मात्र राहतें घर असेल तर भावांनीं वांटणी काढीपर्यंत तिला ती मागतां येत नसे. हें तेविसावें कलम २००५ सालीं रद्द झालें. तेव्हां बहिणीला वगळून ओढलेली रेघ ही कायद्यानें कच्ची आणि न्यायानें अपुरी. प्रकरण कोर्टांत गेलें तर १८९३ चा वांटणीचा कायदा आहे. मिळकत नीट वांटतां येण्यासारखी नसेल, तर निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांच्या मागणीवरून कोर्ट ती विकून पैसे वांटण्याचा हुकूम करूं शकतें. सहा फूट आठ इंचांचें घर वांटतां येण्यासारखें आहे असें कोण म्हणेल? म्हणजे अबोला आणखी थोडा लांबला असता तर त्या निंबासकट सगळें लिलावांत गेलें असतें.

त्या सायंकाळीं ताईंनीं तीन मार्ग मांडले. पहिला, जोडघर. दोघांनीं मिळून एकच नकाशा करावयाचा, मधली भिंत सामाईक ठेवावयाची आणि पांच फूट केवळ बाहेरच्या बाजूस सोडावयाचे. मग पंचविसांतून पांचच जातात. वीस आणि वीस मिळून पुन्हा चाळीस. गेलेले दहा फूट परत येतात. मात्र दोघांनीं एका कागदावर सह्या केल्या पाहिजेत आणि नियमावलींत तें बसलें पाहिजे. यांत ताईंचा वांटा रोख द्यावा लागेल. दुसरा मार्ग, एकानें घर ठेवावें आणि इतरांस रास्त किंमत द्यावी. तितका पैसा कोणाकडेच नव्हता. तिसरा मार्ग, प्लॉटचे तुकडेच करूं नयेत. एकच इमारत, तीन मजले, प्रत्येकाचा एक मजला. जमीन अविभक्त, आणि मजल्यांची मालकी स्वतंत्र नोंदलेली. उंची वाढल्यामुळें मोकळी जागा थोडी अधिक सोडावी लागेल. पण ती एकदांच, तीनदां नव्हे.

बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. अखेर बापू म्हणाले, "खालचा मजला अण्णाला द्या. त्याचे गुडघे दुखतात." गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनीं थोरल्या भावाविषयीं उच्चारलेलें हें पहिलें वाक्य, असें वहिनींनीं आम्हांस मागाहून सांगितलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आज ना उद्यां हा प्रसंग येणार आहे, त्यांस आमची एवढीच विनंती, कीं रेघ ओढण्यापूर्वीं मोजणी करून घ्यावी, आखीव पत्रिका पाहावी, वाटेचा व पाण्याच्या निचऱ्याचा हक्क वांटणीपत्रांत स्पष्ट लिहावा, आणि वकिलाकडे जाण्याआधीं सर्वांनीं मिळून एका वास्तुविशारदापुढें बसावें. जे भाऊ एका नकाशावर सही करूं शकतात त्यांस तीच जमीन अधिक पुरते. जे करूं शकत नाहींत त्यांस ती कमी पडते. नियमावलीच्या एवढ्या जाड पुस्तकांत हें कोठें लिहिलेलें नसलें, तरी तिच्या प्रत्येक कोष्टकांतून हेंच निघतें.

असो. परवां अण्णांचें पत्र आलें. विटा तूर्त परत पाठविल्या आहेत. तिघांच्या सह्यांचा नकाशा वास्तुविशारदाकडे तयार होत आहे. निंब राहावा म्हणून मागची बाजू तीन फूट अधिक आंत घेतली आहे. बापू अजून फारसे बोलत नाहींत; पण सही करतांना त्यांनीं जिना पूर्वेस घ्यावा अशी सूचना केली, आणि ती सर्वांस पसंत पडली. आईचें वर्षश्राद्ध एकाच ठिकाणीं, एकाच पंक्तीस होणार आहे.